रेड वाईन आणि मराठवाड्यातले ‘खोलीचे तापमान’

जोडून सुट्ट्या आल्या, मित्रमंडळी छत्रपती संभाजीनगरला जमली आणि नान-खलियाचा (नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा) बेत ठरला, की कोणीतरी रेड वाईनची बाटली फ्रिजमधून काढून ठेवतो आणि ‘ही खोलीच्याच तापमानाला प्यायची असते’ असे बजावतो. हा समज वर्षानुवर्षे चालत आला असला, तरी मराठवाड्यात तो लागू पडत नाही.

मूळ सल्ला युरोपातला आहे, आणि तोही घरे यंत्रांनी उबदार ठेवली जात नव्हती त्या काळातला. तिथली खोली साधारण १६ ते १८ अंश सेल्सियसची धरलेली असे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि पंख्याखालची बैठकही तिशीच्या वरच राहते. इतक्या उष्णतेत वाईनमधील अल्कोहोल वेगाने उडू लागते, त्याचा उग्र दर्प फळांचा गंध झाकून टाकतो आणि चव जड, बोथट लागते. त्यात खलिया तिखट असला, तर अल्कोहोलमुळे तो अधिकच झोंबतो.

म्हणून वाढण्यापूर्वी बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी. बर्फ आणि पाणी घातलेल्या बादलीत हेच काम दहा-पंधरा मिनिटांत होते, कारण पाणी बाटलीला सर्व बाजूंनी भिडते. नुसता बर्फ भरणाऱ्यांनी हे एकदा करून पाहावेच. मात्र दिवसभर फ्रिजमध्ये राहिलेली रेड वाईन लगेच ओतू नये, कारण अति थंडाव्यात गंध दबतो आणि टॅनिनचा, म्हणजे द्राक्षांच्या साली-बियांतून वाईनमध्ये उतरणाऱ्या घटकाचा, तुरटपणा अधिक जाणवतो.