मॉरल मेजॉरिटी

मॉरल मेजॉरिटी : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील परंपरानिष्ठ ख्रिस्ती मतदारांची राजकीय संघटना (१९७९–८९). व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग येथील बॅप्टिस्ट पाळक जेरी फॉल्वेल (११ ऑगस्ट १९३३ – १५ मे २००७) हे तिचे संस्थापक व १९८७ पर्यंत अध्यक्ष होते. गर्भपात, समलिंगी संबंध, अश्लील साहित्य आणि स्त्री-पुरुष समान हक्कांची प्रस्तावित घटनादुरुस्ती यांना विरोध, तर सरकारी शाळांतील प्रार्थना, वाढीव संरक्षणखर्च आणि इझ्राएल यांना पाठिंबा, असा तिचा कार्यक्रम होता.

फॉल्वेल यांनी १९५६ मध्ये लिंचबर्गमध्ये ३५ सभासदांनिशी ‘थॉमस रोड बॅप्टिस्ट चर्च’ ही स्वतंत्र मंडळी सुरू केली. ‘ओल्ड टाइम गॉस्पेल अवर’ या त्यांच्या दूरदर्शनवरील कार्यक्रमामुळे ते पुढे देशभर पोहोचले. राजकारणात उतरलेल्या पाळकांविषयी त्यांचे सुरुवातीचे मत प्रतिकूल होते. मार्च १९६५ मध्ये, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी सेल्मा ते माँटगमेरी मोर्चा निघाला असताना, पाळकाचे काम राजकारण करण्याचे नसून आत्मे जिंकण्याचे आहे, असे प्रवचन त्यांनी दिले. हे मत त्यांनी पुढे जाहीरपणे सोडून दिले. १९७६ पासून राज्याराज्यांत भरवलेले ‘आय लव्ह अमेरिका’ मेळावे आणि फ्लॉरिडातील डेड काउंटीमध्ये १९७७ साली समलिंगी व्यक्तींना संरक्षण देणाऱ्या वटहुकुमाविरुद्ध गायिका अनिता ब्रायंट यांनी चालवलेल्या मोहिमेतील सहभाग, हे त्या बदलाचे टप्पे मानता येतील.

उगमाचा वाद : संघटनेचा जन्म १९७९ च्या मे-जूनमध्ये झाला, असे सामान्यतः मानतात. ती कशामुळे जन्मली, याबद्दल मात्र एकमत नाही. संघटनेने स्वतः सांगितलेली आणि दीर्घकाळ प्रचलित असलेली हकिगत अशी, की सर्वोच्च न्यायालयाने २२ जानेवारी १९७३ रोजी ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात गर्भपाताला घटनात्मक संरक्षण दिले आणि त्याने व्यथित झालेले पाळक राजकारणात आले. या हकिगतीत सहा वर्षांचे अंतर अनुत्तरित राहते. शिवाय त्या काळी गर्भपातविरोध हा मुख्यत्वे रोमन कॅथलिकांचा प्रश्न समजला जाई. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या मोठ्या संघाने तर १९७१ मध्ये बलात्कार, गर्भातील गंभीर व्यंग, मातेच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला धोका अशा परिस्थितींत गर्भपाताला मुभा देणारा कायदा व्हावा, असा ठराव केला होता.

धर्मेतिहासकार रँडल बामर यांच्या मते खरा प्रश्न शाळांच्या करमाफीचा होता. ‘ग्रीन विरुद्ध कॉनली’ खटल्यात १९७१ मध्ये वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयाने वंशभेद पाळणाऱ्या खासगी शाळांना धर्मादाय संस्थांची करमाफी मिळू शकत नाही, असा निर्णय दिला. त्यानुसार आयकर खात्याने १९७६ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील बॉब जोन्स विद्यापीठाची करमाफी काढून घेतली. ऑगस्ट १९७८ मध्ये आयुक्त जेरोम कर्ट्‌झ यांनी खासगी शाळांसाठी कडक निकष प्रस्तावित केले, तेव्हा खात्याकडे निषेधाची लाखाहून अधिक पत्रे आली. पुढील वर्षी काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) त्या निकषांच्या अंमलबजावणीसाठी पैसे खर्च करण्यास मनाई केली. धार्मिक मतदारांच्या दबावगटाचे हे पहिले ठळक यश म्हणावे लागेल. फॉल्वेल यांचीही १९६७ मध्ये स्थापलेली शाळा होती आणि ती आरंभी गोऱ्या विद्यार्थ्यांसाठीच होती. संघटनेच्या उभारणीत मोठा वाटा असलेले पॉल वायरिक यांनी १९९० मध्ये वॉशिंग्टनमधील एका परिषदेत, चळवळ गर्भपातामुळे नव्हे तर शाळांवरील या कारवाईमुळे उभी राहिली, असे सांगितले. बामर यांचा मोठा आधार हाच आहे.

बामर यांच्या मांडणीवर आक्षेपही आहेत. इतिहासकार डॅनिएल विल्यम्स हे इव्हँजेलिकल (बायबल व व्यक्तिगत श्रद्धापरिवर्तनावर भर देणारे प्रॉटेस्टंट) ख्रिस्ती आणि रिपब्लिकन पक्ष यांची जवळीक काही दशके जुनी असल्याचे दाखवतात. तसे असेल, तर १९७८ हे वर्ष आरंभबिंदू ठरत नाही. वायरिक यांची साक्ष घटनेनंतर दशकभराने दिलेली आहे आणि ते स्वतः व्यावसायिक संघटक होते. १९७१ च्या ठरावाचा पुरावाही जपून वापरायला हवा, कारण फॉल्वेल यांची मंडळी तेव्हा सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनमध्ये नव्हती. तरीही कालक्रम पाहता करमाफीच्या प्रश्नाने नेते एकत्र आले आणि गर्भपाताच्या प्रश्नाने त्यांना अनुयायी मिळाले, हे मत अधिक पटण्यासारखे आहे.

पाळक व लॉबिंग करणारे : वायरिक हे पाळक नव्हते. उद्योगपती जोसेफ कूर्स यांच्या पैशातून १९७३ मध्ये उभ्या राहिलेल्या हेरिटेज फाउंडेशनचे ते एक संस्थापक होते. त्यांच्यासोबत टपालाद्वारे निधी गोळा करण्याचे तंत्र विकसित करणारे रिचर्ड व्हिग्युरी, हॉवर्ड फिलिप्स व एड मॅकअॅटीर ही मंडळी होती. यादी, पत्रे आणि काँग्रेसमधील संपर्क त्यांच्याकडे होते. फॉल्वेल यांच्याकडे श्रोते होते. ‘मॉरल मेजॉरिटी’ हे नावही वायरिक यांच्याच बोलण्यातून आले, असे सांगतात. पहिले कार्यकारी संचालक रॉबर्ट बिलिंग्ज ख्रिस्ती शाळांच्या बाजूने आधीपासून वॉशिंग्टनमध्ये लॉबिंग (कायदे करणाऱ्यांवर प्रभाव टाकण्याचे काम) करत होते. ते पुढे रिपब्लिकन अध्यक्षीय उमेदवार रोनाल्ड रेगन यांच्या प्रचारात व नंतर शिक्षण खात्यात गेले.

ही रचना करकायद्याने ठरवली. आयकर संहितेच्या कलम ५०१(सी)(३) खाली करमाफी घेणाऱ्या चर्चला १९५४ च्या जॉन्सन दुरुस्तीनुसार उमेदवाराचा प्रचार करता येत नाही आणि लॉबिंगही मर्यादितच करता येते. म्हणून मॉरल मेजॉरिटीची मुख्य संस्था ५०१(सी)(४) खाली नोंदली गेली. अशा संस्थेला लॉबिंगची मोकळीक असते, पण देणगीदाराला करसवलत मिळत नाही. सवलतीच्या देणग्यांसाठी वेगळे प्रतिष्ठान, उमेदवारांसाठी वेगळी राजकीय कृती समिती, अशी विभागणी होती. व्यासपीठावर मात्र चेहरा एकच असे.

ऑगस्ट १९८० मध्ये डॅलस येथे मॅकअॅटीर यांच्या ‘रिलिजस राउंडटेबल’ने भरवलेल्या सभेत रोनाल्ड रेगन यांनी पाळकांना उद्देशून, तुम्ही मला पाठिंबा देऊ शकत नाही, पण मी तुम्हाला पाठिंबा देतो, अशा आशयाचे विधान केले. नोव्हेंबरमध्ये ते ४४ राज्ये जिंकले. त्याचे श्रेय संघटनेने घेतले. राज्यशास्त्रज्ञांनी महागाई व इराणमधील ओलिसांचे प्रकरण यांना अधिक महत्त्व दिले. आकड्यांबाबतही सावधगिरी हवी. फॉल्वेल यांच्या कार्यक्रमाला अडीच कोटी प्रेक्षक असल्याचे सांगितले जाई. मोजणी करणाऱ्या कंपनीचा आकडा पंधरा लाखांच्या आसपास होता. अध्यक्ष कार्टर यांच्याशी झालेला म्हणून फॉल्वेल सांगत असलेला एक संवाद व्हाइट हाउसच्या ध्वनिफितीत आढळला नाही, तेव्हा तो दृष्टांत असल्याचा खुलासा त्यांना करावा लागला.

कायदे करण्यातील यश तोकडे राहिले. गर्भपातविरोधी घटनादुरुस्ती जून १९८३ मध्ये सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५० मतांनी, तर शाळांतील प्रार्थनेची दुरुस्ती मार्च १९८४ मध्ये ५६ विरुद्ध ४४ मतांनी अडली. दोन्हींना दोन-तृतीयांश बहुमत लागत होते. सँड्रा डे ओकॉनर यांच्या १९८१ मधील न्यायाधीशपदाच्या नेमणुकीला फॉल्वेल यांनी शंका घेतल्यावर रिपब्लिकन सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनीच त्यांच्यावर अश्लाघ्य शब्दांत टीका केली. बॉब जोन्स विद्यापीठही १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. परराष्ट्र धोरणात इझ्राएलचे पंतप्रधान बेगिन यांच्याशी फॉल्वेल यांचे संबंध निकटचे होते. १९८५ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यानंतर त्यांनी तेथील वर्णभेदी सरकारवरील आर्थिक निर्बंधांना विरोध केला व बिशप डेस्मंड टूटू यांना ढोंगी म्हटले. याबद्दल त्यांनी नंतर क्षमा मागितली.

जानेवारी १९८६ मध्ये संघटना ‘लिबर्टी फेडरेशन’ या नव्या संस्थेत सामावली गेली. उद्दिष्ट साध्य झाल्याचे सांगून फॉल्वेल यांनी १९८९ मध्ये मॉरल मेजॉरिटीचे विसर्जन जाहीर केले. निधीची ओढाताण व १९८७ मधील दूरदर्शन-धर्मप्रचारकांची आर्थिक व लैंगिक प्रकरणे ही कारणेही त्यामागे असावीत. ‘ओल्ड टाइम गॉस्पेल अवर’ चालवणाऱ्या संस्थेने राजकीय कामाच्या कारणावरून १९८६ व १९८७ या वर्षांची करमाफी गमावली आणि १९९३ मध्ये ५०,००० डॉलर भरून आयकर खात्याशी तडजोड केली. दूरदर्शन-धर्मप्रचारक पॅट रॉबर्टसन यांच्या ‘ख्रिश्चन कोअॅलिशन’ने (१९८९) दूरदर्शनपेक्षा शाळा-मंडळे व पक्षाच्या स्थानिक समित्यांवर भर दिला. फॉल्वेल यांनी २००४ मध्ये ‘मॉरल मेजॉरिटी कोअॅलिशन’ काढली. तिला पहिल्या संघटनेचे महत्त्व आले नाही.