पीसीबीचं चित्र पोचतं, अर्थ वाटेत राहतो

तासगावकडची द्राक्षबाग असो की वाळव्याचा ऊस, विहिरीवरच्या मोटरची पेटी उघडली की आत बऱ्याचदा एक हिरवं कार्ड दिसतं. थ्री फेज आली की मोटर चालू करायची, एखादा फेज गेला की तत्काळ बंद करायची, विहिरीतलं पाणी खाली गेलं की थांबवायची आणि रात्री दोनला वीज आली तर मालकाच्या मोबाइलवर कळवायचं, एवढी कामं ते करतं. असं कार्ड कुपवाड एमआयडीसीतला एखादा लघुउद्योजक किंवा सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली एखादी मुलगी आपल्या संगणकावर डिझाइन करू शकते. सुटे भाग बसवण्याआधीचा कोरा बोर्ड (पीसीबी, म्हणजे तांब्याच्या रेषा असलेली पाटी) मात्र बहुधा बाहेरून बनून येतो: पुण्याहून, बंगळुरूहून, कधी थेट चीनमधल्या शेनझेनहून.

डिझाइन करणारा आणि बोर्ड बनवणारा एकमेकांना कधी भेटत नाहीत. दोघांमध्ये असते ती ईमेलने गेलेली एक झिप फाइल. ४१५ व्होल्टचं तांबं कुठलं, ५ व्होल्टचं कुठलं, दोघांत अंतर किती हवं, अँटेनाची पट्टी कुठली, हे सगळं डिझाइनच्या सॉफ्टवेअरला माहीत असतं. झिपमध्ये यातलं फारच थोडं उतरतं. गवंड्याच्या हातात भिंतींचं चित्र द्यावं आणि भार कुठल्या भिंतीवर आहे ते सांगू नये, तसा हा व्यवहार आहे, आणि इलेक्ट्रॉनिक्स उद्योग तो कित्येक दशकं करत आला आहे.

झिपमध्ये बहुतेक वेळा गर्बर फाइली असतात. प्रत्येक थराची एक: वरचं तांबं, खालचं तांबं, सोल्डर मास्क (वरचा हिरवा लेप), सिल्कस्क्रीन (छापलेली अक्षरं), बोर्डाची कड. भोकांची ड्रिल फाइल वेगळी. हे नाव जोसेफ गर्बर यांच्यावरून आलं. व्हिएन्नात जन्मलेला हा ज्यू मुलगा नाझींच्या तावडीतून सुटून १९४० मध्ये आईबरोबर अमेरिकेला पोचला. कॉलेजात असताना त्यानं पायजम्याचं इलॅस्टिक काढून, त्यावर खुणा करून ताणता येणारी मोजपट्टी बनवली आणि पुढे त्या कल्पनेवरच कंपनी उभी केली. त्याच कंपनीनं नंतर फोटोप्लॉटर बनवले. फोटोप्लॉटर म्हणजे फिल्मवर प्रकाशाच्या झोतानं रेषा काढणारं यंत्र. त्याच्या डोक्यात एक चकती असे आणि चकतीत वेगवेगळ्या आकारांच्या खिडक्या.

गर्बर फाइल म्हणजे मुळात या यंत्राला दिलेले हुकूम. डी०१ म्हणजे दिवा चालू ठेवून सरक. डी०२ म्हणजे दिवा बंद ठेवून सरक. डी०३ म्हणजे सांगितल्या जागी एकदा चमक. डी१० आणि त्यापुढचे आकडे म्हणजे अमुक खिडकी लाव. आज अनेक कारखान्यांत फिल्मही उरलेली नाही, लेझर थेट बोर्डावरच चित्र उमटवतो. तरीही तुमच्या फाइलीत आजही डी०१, डी०२, डी०३ हेच हुकूम आहेत. इतक्या साध्या हुकुमांवर जगभरचे बोर्ड बनतात, याचं मला खरोखर कौतुक वाटतं. अडचण एवढीच की दिवा कुठे लावायचा हे या भाषेत सांगता येतं. तिथे काय आहे, हे मूळ रूपात सांगता येत नव्हतं.

गर्बरच्या जुन्या आरएस-२७४-डी प्रकारात तर खिडक्यांची मापंसुद्धा फाइलीत नसत. ती वेगळ्या कागदावर येत आणि कारखान्यातला माणूस ती हातानं भरत असे. नव्वदच्या दशकात आलेल्या विस्तारित गर्बरनं मापं आणि एककं फाइलीच्या आत आणली. ड्रिल फाइलींचं दुखणं मात्र अजून पूर्ण गेलेलं नाही. त्या एक्सेलॉन या ड्रिल मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या पद्धतीनं लिहिल्या जातात आणि त्यांत जागा वाचवण्यासाठी शून्यं गाळायची रीत होती. समजा फाइलीत एका भोकाची जागा ‘एक्स १५’ अशी लिहिली आहे. इंचाचे दोन आकडे आणि अपूर्णांकाचे चार, असा ठराव आहे. सुरुवातीची शून्यं गाळली असतील तर हे भोक ०.००१५ इंचावर आलं. शेवटची गाळली असतील तर १५ इंचावर. कुठली गाळली ते फाइलीत लिहिलेलं नसेल, तर कारखान्यातला इंजिनिअर भोकं तांब्याच्या चित्रावर ठेवून बघतो आणि पॅडच्या (सुटा भाग जोडायच्या तांब्याच्या ठिपक्याच्या) मधोमध बसतील तो अर्थ खरा मानतो. बहुतेकदा ते बरोबर निघतं. पण हा तर्क आहे, आणि पाचशे कार्डांची ऑर्डर तर्कावर सोडायची गोष्ट नव्हे.

खरा धोका, माझ्या मते, जे बरोबर दिसतं त्यात आहे. मोबाइलचं मॉड्यूल असलेलं कार्ड चार थरांचं करतात. वरून दुसरा थर ग्राउंडचा, म्हणजे शून्य व्होल्टच्या तांब्याचा, तिसरा वीजपुरवठ्याचा. अँटेनाकडे जाणारी पट्टी सर्वांत वर असते आणि तिची रुंदी ५० ओहमच्या इम्पीडन्सच्या (सिग्नलला होणाऱ्या विरोधाच्या) हिशोबानं ठरते. त्या हिशोबात खालचा ग्राउंड किती अंतरावर आहे, हे गृहीत धरलेलं असतं, समजा ०.२ मिलिमीटर. आता आतल्या दोन फाइलींची नावं संदिग्ध आहेत आणि कारखान्यात त्यांची अदलाबदल झाली. आरपार भोकं सगळ्या थरांना जोडतातच, त्यामुळे एकही जोडणी तुटत नाही. बोर्ड दिसायला निर्दोष, तपासणीतही पास. पण ग्राउंड आता मिलिमीटरभर खोल गेलेला असतो, पट्टीचा हिशोब बिघडतो आणि शेतातल्या कार्डाला रेंज का मिळत नाही, हे कुणालाच उमगत नाही.

तपासणीचीही एक गंमत आहे. कोऱ्या बोर्डावर सुया टेकवून कोणतं पॅड कोणत्या पॅडला जोडलेलं आहे ते बघतात. पण ते पडताळायचं कशाशी? झिपमध्ये वेगळी यादी नसेल, तर कारखाना गर्बरच्या चित्रावरूनच जोडण्यांची यादी काढतो. म्हणजे फाइल बनताना दोन ट्रॅक, म्हणजे तांब्याच्या रेषा, चुकून चिकटले असतील, तर तपासणीच्या यादीतही ते जोडलेलेच असणार. बोर्ड चित्राबरहुकूम आहे एवढंच त्यातून सिद्ध होतं. त्यासाठीच आयपीसी-डी-३५६ ही नेटलिस्टची, म्हणजे जोडण्यांच्या यादीची, फाइल असते. ती डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून स्वतंत्रपणे निघते, त्यामुळे चित्रातली चूक तिच्याशी ताडताना उघडी पडते. ती जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर देतं, आणि कितीतरी लोक ती जोडत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

यावर तोडगे निघाले आहेत. इस्रायलच्या व्हॅलर कंपनीनं नव्वदच्या दशकात ओडीबी++ हे फाइलींचं नवं रूप आणलं. त्यात थरांचा क्रम, जोडण्या आणि सुटे भाग एकत्र असतात. पुढे ते सीमेन्सकडे गेलं. आयपीसी या उद्योगसंस्थेनं २००४ मध्ये आयपीसी-२५८१ हे खुलं मानक काढलं. सुरुवातीला त्याला फारसं कुणी विचारलं नाही. २०११ मध्ये कंपन्यांचा संघ स्थापन झाला आणि मग त्यानं जोर धरला. त्यात बोर्डाची सगळी माहिती एकाच एक्सएमएल फाइलीत येते. गर्बरही मागे राहिलं नाही. त्याची जबाबदारी आता बेल्जियमच्या युकॅमको कंपनीकडे आहे. २०१४ मध्ये आलेल्या एक्स२ आवृत्तीत फाइल स्वतःच सांगते की मी दुसऱ्या थराचं तांबं आहे, हा पॅड व्हायाचा (थर जोडणाऱ्या भोकाचा) आहे, ही रेषा अमुक नेटची (जोडणीची) आहे. वरची अदलाबदल तिथल्या तिथे पकडली जाते.

जुळणीचा, म्हणजे असेंब्लीचा, प्रश्न याहून चिवट आहे. सुटे भाग ठेवणाऱ्या यंत्राला जागा आणि कोन सांगणारी यादी लागते. डायोडचा (वीज एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या भागाचा) शून्य अंश कोणता, हे सुट्या भागांच्या एका लायब्ररीत एक आणि दुसरीत दुसरं असतं, आणि त्यातून शेकडो बोर्डांवर एकच डायोड उलटा बसू शकतो. म्हणून पहिला बोर्ड डोळ्यांनी तपासल्याशिवाय पुढचे लावू देऊ नयेत.

यातलं बरंचसं आज फुकट करता येतं. किकॅड हे मोफत सॉफ्टवेअर एक्स२ गर्बर काढतं, आवृत्ती ८ पासून आयपीसी-२५८१ आणि आवृत्ती ९ पासून ओडीबी++ सुद्धा. युकॅमकोच्या संकेतस्थळावर गर्बर बघायचं साधन विनामूल्य आहे. झिप पाठवण्याआधी ती त्यात उघडावी आणि एक गोष्ट मुद्दाम बघावी: खालच्या थरावरची अक्षरं उलटी दिसली पाहिजेत, कारण सगळे थर वरूनच पाहिलेले असतात. ती सुलटी दिसत असतील, तर कुणीतरी चांगल्या हेतूनं थर पालथा केला आहे. मग थरांचा क्रम आणि जाडी लिहून नेटलिस्ट जोडावी, आणि कोटेशन मागतानाच कारखान्याला विचारावं की तुम्ही आयपीसी-२५८१ घेता का. ‘नाही’ असं उत्तर आलं, तरी पुढच्या ऑर्डरच्या वेळी पुन्हा विचारावं. गिऱ्हाईक मागतं तेच कारखाने शिकून घेतात.