पडलेला दात, दुधाची पिशवी आणि फुगलेल्या मनुका

मे महिन्यातली गोष्ट. पुण्यात कोथरूडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरांचं क्रिकेट चालू होतं, सीझन बॉल आणायचा नाही असं वॉचमनकाका रोज ओरडतात तरी कोणीतरी आणलाच, आणि तो तळमजल्यावरच्या अकरा वर्षांच्या पोराच्या तोंडावर बसला. वरचा समोरचा दात मुळासकट बाहेर, थेट फरशीवर. आजोबांनी दात उचलला, नळाखाली धरला, जुन्या ब्रशने मूळ घासून पांढरंशुभ्र केलं आणि टिश्यूत गुंडाळून खिशात टाकलं. रविवारची संध्याकाळ, नेहमीचं क्लिनिक बंद, फोनाफोनी, त्यात कर्वे रोडची गर्दी. डॉक्टर सापडेपर्यंत सव्वा तास गेला. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "कशात ठेवून आणलात?"

आजोबांना दोष नाही द्यायचा मला. खाली पडलेली वस्तू धुवायची हेच आपण शिकलोय. पण त्यांनी जे घासून काढलं ना, तेच खरं तर वाचवायचं होतं.

दात हाडाला चिकटलेला असतो असं आपण धरून चालतो. तो टांगलेला असतो. मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यात साधारण 0.2 मिलिमीटरची फट असते आणि त्या फटीत कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाचे असंख्य बारीक दोर, एक टोक दाताच्या मुळात रुतलेलं, दुसरं हाडात. चकली कडकन फोडताना सगळा जोर हाडावर न जाता हे दोर तो झेलतात. या दोरांमध्ये जिवंत पेशी राहतात, त्या दोर विणतात, दुरुस्त करतात. दात निखळला की हा पडदा मधोमध फाटतो, अर्धा हाडाकडे, अर्धा मुळावर. मुळावरचा तो लालसर बुळबुळीत थर म्हणजे ह्या पेशी, आणि त्या अजून जिवंत असतात!

आता शाळेतला मनुकांचा प्रयोग आठवा. साध्या पाण्यात मनुका टाकल्या की टम्म फुगतात, परासरण. पेशीचंही तसंच. आत क्षार वगैरे विरघळलेले, बाहेर नळाचं पाणी, मग पाणी आत घुसत राहतं आणि पेशी फुटते. कोरड्या टिश्यूत उलटं, पाणी निघून जातं. हे विरघळलेल्या कणांचं माप मिलिऑस्मोलमध्ये मोजतात, रक्तात ते 290 च्या आसपास, नळाच्या पाण्यात जवळपास शून्य, लाळेत रक्ताच्या पाव भागाच्या आसपास. आणि दुधात? तेही रक्ताइतकंच.

हे मला वेडं करतं. गायीच्या कासेतल्या पेशी दूध तयार करतात तेव्हा एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला दूध, आणि पाणी इकडून तिकडे जाऊ शकतं, त्यामुळे दोन्हीकडचा दाब सारखाच राहतो. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, कमी पडलं तर क्षार भरून काढतात. गोठणबिंदू विरघळलेल्या कणांवरच ठरतो, म्हणूनच दुधाचा गोठणबिंदू इतका पक्का असतो, उणे 0.52 अंशाच्या आसपास, की डेअरीवाले त्यावरून पाण्याची भेसळ पकडतात. म्हणजे ज्या कारणाने गवळी पकडला जातो त्याच कारणाने दात वाचतो :) शिवाय पाश्चराइज्ड दुधात जंतू कमी, आणि ते गार असलं की पेशींची भूकही मंदावते.

डेन्मार्कच्या येन्स ओवे आंद्रेआसेन यांनी 1981 मध्ये माकडांचे दात काढून परत बसवून हे तपासलं. कोरडा राहिलेला वेळच घात करतो. अर्ध्या तासात बहुतेक पेशी जातात, तासाभराने मुळावर जिवंत काही उरत नाही असं धरूनच डॉक्टर पुढचं ठरवतात. पेशी मेल्या की मधे राखणदार राहत नाही, मग हाड मोडणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी दाताच्या मुळालाही हाडच समजून खातात आणि मागून येणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट तिथे खरं हाड भरतात, हाडाची ही मोडतोड-बांधणी आयुष्यभर चालूच असते, तिच्यात दात सापडतो. ह्याला अँकिलोसिस म्हणतात. (डोकं गरगरलं असेल तर सोडून द्या, पुढचं महत्त्वाचं.)

दात पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात नको. माती असेल तर दुधात हलकेच विसळा, आणि जमत असेल तर तिथल्या तिथे खाचेत बसवून रुमाल चावायला द्या. नाहीच जमलं तर कात्रज, चितळे, जी मिळेल ती गार दुधाची पिशवी, त्यात दात. साखरेचं नको, गरम नको, दही-ताक तर नकोच, आंबट असतं. दूध नसेल तर वाटीत थुंकून त्या लाळेत. उशीर झाला तरी दात घेऊन जाच, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. पण हे फक्त पक्क्या दाताचं हं. दुधाचा दात परत बसवत नाहीत, खालच्या पक्क्या दाताला इजा होते. तो खुशाल उंदराच्या बिळात टाका.

बाकी "वरचा दात काढला की नजर जाते" हे अजूनही ऐकू येतं. वरच्या दातांची नस पाचव्या मज्जातंतूची फांदी, नजरेचा तंतू दुसरा, दोघांचा काही संबंध नाही. दुखऱ्या दाताशेजारी अ‍ॅस्पिरिन दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. आणि दाताच्या सुजेबरोबर ताप, गिळायला किंवा श्वासाला त्रास असेल तर डेंटिस्ट शोधत बसू नका, ससून नाहीतर जवळच्या मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा. धनकवडीचं भारती विद्यापीठ, कॅम्पातलं आझम कॅम्पस इथली डेंटल कॉलेजं चांगली, पण ओपीडी दिवसाची, आधी फोन करा.

आमच्या पोराचा दात त्या रात्री बसवला, बारीक तारेने शेजारच्या दातांना दोन आठवडे बांधला, रूट कॅनलही झालं. गेल्या आठवड्यात तपासणीला मीही बरोबर गेलो होतो. डॉक्टरांनी आरशाच्या दांडीने शेजारचा दात वाजवला, ठक. मग हा वाजवला, टिंग, स्टीलच्या वाटीसारखा. दोर उरले नाहीत, हाडाला चिकटलाय. पोरगं वाढेल तसा हा दात आखूड दिसत जाईल, पण तोवर तिथलं हाड तरी टिकून राहील, असं त्या म्हणाल्या. आजोबा म्हणाले, "परत वाजवा बघू." त्यांनी वाजवला.