गुणतक्ता वेगळा, प्रगतिपुस्तक वेगळं

एप्रिल सरत आला की आमच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी हमखास म्हणतं, "गुण भरून झाले ना? मग प्रगतिपुस्तकं काय, बटण दाबलं की निघतात." मुंबईतल्या मराठी शाळेत सातवीची वर्गशिक्षिका झाले तेव्हा मीही असंच म्हणायचे. मग १ मेला झेंडावंदन उरकून निकाल वाटताना तोंडघशी पडले.

गुणतक्ता ही विषयशिक्षकाची वही. त्यात एक विषय आणि पन्नास मुलं. प्रगतिपुस्तकात एक मूल आणि नऊ विषय. दोन्ही एकाच स्प्रेडशीटमध्ये तयार होतात, म्हणून गल्लत होते. पण गुणतक्ता शिक्षकासाठी असतो. त्यात खाडाखोड चालते, एखादी चौकट रिकामी राहिली तरी बिघडत नाही. प्रगतिपुस्तक थेट आईच्या हातात जातं.

नऊ तक्ते एकत्र आणायचे तर प्रत्येक मुलाची पक्की ओळख लागते. हजेरी क्रमांक त्या कामाचा नाही. दिवाळीनंतर आलेल्या मुलाला आम्ही शेवटचा क्रमांक देतो, आणि शारीरिक शिक्षणाचे सर यादी अकारविल्हे लावून मोकळे होतात! नावाचाही भरवसा नाही, कारण वर्गात एकाच नावाची दोन मुलं असतात. प्रवेशाच्या वेळी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मिळालेला क्रमांक मात्र बदलत नाही. तोच सगळ्या तक्त्यांच्या पहिल्या रकान्यात हवा.

पुढची मेख व्हीलुकअपमध्ये, म्हणजे क्रमांक देऊन दुसऱ्या तक्त्यातून त्याच्यासमोरचे गुण आणणाऱ्या सूत्रात. त्यातली चौथी बाब लिहिलीच नाही तर ते जुळता क्रमांक न मिळाल्यास त्याच्या खालचा जवळचा उचलतं आणि शेजाऱ्याचे गुण आणून ठेवतं. मूल शोधताना तिथे फॉल्स, म्हणजे 'तंतोतंत जुळणाराच हवा', असं लिहायलाच हवं. श्रेणी शोधताना मात्र 'जवळचा' उचलायची हीच सवय कामी येते: ०, २१, ३३, ४१, ५१ अशा खालच्या मर्यादा चढत्या क्रमाने मांडल्या की ४७ गुणांना बरोबर क-२ मिळते.

माझी फजिती इथेच झाली. एका मुलाला गणितात पहिल्या सत्रात ३८, दुसऱ्यात ४३. सरासरी ४०.५. चौकटीत दशांश लपवलेले, त्यामुळे छापून आलं ४१, पण श्रेणी ठरली आतल्या ४०.५ वरून: ड. त्याच्या आईने मागच्या पानावरच्या श्रेणीतक्त्यावर बोट ठेवलं, "बाई, ४१ ला क-२ आहे ना?" मला उत्तर सुचेना. तेव्हापासून आधी राउंडच्या सूत्राने पूर्णांक करते, मग श्रेणी काढते. दशांश नुसते लपवण्यात अर्थ नाही. मेलमर्जने, म्हणजे स्प्रेडशीटमधले आकडे वर्डच्या साच्यात आपोआप भरून, पत्रक काढलं तर लपवलेले आकडे शेपटीसकट बाहेर येतात.

गैरहजेरीचंही तसंच. गुणतक्त्यात 'गै.ह.' लिहिलं तर सरासरीचं सूत्र ती चौकट वगळतं, शून्य लिहिलं तर मोजतं. तापाने फणफणलेल्या मुलाच्या नावापुढे कुणी शून्य टाकलं, तर प्रगतिपुस्तकात तो नापासाच्या उंबरठ्यावर दिसतो.

एकच साचा सगळ्या इयत्तांना आणि विषयांना लावायचा मोहही टाळावा. सातवीला आकारिकचे (वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाचे) ४० आणि संकलितचे (सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे) ६०, सहावीला ५०-५०, आणि कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षणाला सगळे शंभर आकारिकचेच. गणिताचं सूत्र चित्रकलेला चिकटवलं की उत्तम चित्र काढणारी मुलगी चाळिशीतच अडकते.

माझा एकच हट्ट आहे: चूक सापडली तर दुरुस्ती गुणतक्त्यात करायची, प्रगतिपुस्तकात कधीच नाही. छापील आकड्यावर हात मारला की पुढच्या वेळी बटण दाबताच जुनी चूक परत उगवते.

उरल्या वर्णनात्मक नोंदी: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. गुणतक्त्याला मुलगा-मुलगी कळायची गरज नसते, प्रगतिपुस्तकाला असते. तयार वाक्यांच्या यादीतून उचललेलं 'वर्गात लक्ष देतो' आमच्याकडे एका वर्षी वर्गातल्या सगळ्या मुलींच्या पत्रकावर छापून आलं. लिंगाचा रकाना जोडून 'देतो-देते' सूत्राने निवडता येतं. मी आता वाक्यच बदलते: 'वर्गात चांगले लक्ष असते.'