कॉम्प्युटरला भोवरा दिसला नाही म्हणून खूश होऊ नका

धरणातलं पाणी वीजघराकडे नेणारं तोंड, म्हणजे इनटेक, पाण्याखाली असतं आणि धरण भरलेलं असताना तिकडे कुणी बघतही नाही. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की मात्र बरोबर त्याच्या डोक्यावर पाणी फिरायला लागतं, आधी नुसती खळी पडते, मग पालापाचोळा आत ओढला जातो आणि भोवरा जोरात असेल तर थेट तोंडापर्यंत हवेची नळीच तयार होते. ही हवा पेनस्टॉकमधून, म्हणजे पाणी वीजघरात नेणाऱ्या मोठ्या पाइपातून, टर्बाइनपर्यंत पोचली की यंत्र थरथरतं, वीज कमी मिळते.

पृथ्वी फिरते म्हणून भोवरा होतो हे व्हॉट्सॲप-ज्ञान इथे विसरा, एवढ्याशा अंतरात तो परिणाम नगण्य असतो. पाणी एका बाजूने तिरकं येतं किंवा खांबाच्या कोपऱ्यावरून सुटताना गिरकी घेतं, खरा घोळ तिथे असतो. लांब असताना ती गिरकी जाणवत पण नाही, पण मध्याकडे सरकताना अंतर निम्मं झालं की फिरण्याचा वेग साधारण दुप्पट.

जलविद्युत अभियंते जे. एल. गॉर्डन यांनी चालू प्रकल्पांच्या अनुभवावरून १९७० साली एक सूत्र दिलं: तोंडावर किमान किती मीटर पाणी हवं तर ०.५४ गुणिले वेग गुणिले व्यासाचं वर्गमूळ, आणि पाणी तिरकं येत असेल तर ०.५४ च्या जागी ०.७२. व्यास ५ मीटर आणि वेग सेकंदाला ४ मीटर धरला तर ४.८ मीटर आणि ६.४ मीटर. म्हणजे नुसतं पाणी वाकडं आलं म्हणून दीड मीटरहून थोडा जास्तच थर वापराविना पडून राहणार!

मग आधी तपासायचं कसं? खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी धरणाचं छोटं मॉडेल बांधून बघतात. अडचण अशी की मॉडेल छोटं केलं तरी पाण्याचा पृष्ठताण काही छोटा होत नाही, त्यामुळे भोवरा खऱ्यापेक्षा मवाळ दिसू शकतो, म्हणून कधी कधी मुद्दाम जास्त पाणी सोडून बघतात.

कॉम्प्युटरवर, म्हणजे सीएफडीत (प्रवाहाचं कॉम्प्युटरवरचं गणित), जलाशयाचे लाखो चौकोनी तुकडे करून प्रत्येकात पाणी किती हवा किती, वेग किती हे गणित चालतं. इथेही गंमत तीच, तुकडे जाड असले किंवा पाण्यातली खळबळ सरासरीने मोजणारं के-एप्सिलॉनसारखं स्वस्तातलं टर्ब्युलन्स मॉडेल घेतलं की गणितच भोवरा पुसून टाकतं आणि स्क्रीनवर सगळं शांत. मोठ्या गिरक्या प्रत्यक्ष सोडवणारी एलईएस पद्धत भरवशाची, पण एकेका रनला दिवसच्या दिवस जातात. चूक दोन्हीकडे आपल्याला बरं वाटेल अशाच बाजूला होते, हे मला जास्त धोक्याचं वाटतं.

तरी सीएफडीचा खरा उपयोग मला तुलनेसाठी वाटतो. गिरकी कुठल्या कोपऱ्यात जन्मते ते दिसतं, मग तो कोपरा गोल करा, मार्गदर्शक भिंत घाला, पृष्ठभागाखाली आडवी जाळी बसवा, तरंगता तराफा ठेवा, काँक्रीट ओतायच्या आधी सगळं करून बघता येतं. भिंतीने पाणी सरळ झालं तर उत्तमच, कारण तराफ्याला पातळीबरोबर वरखाली व्हावं लागतं आणि आडव्या जाळीत कचरा अडकला की माणूस उतरवावा लागतो.