हळदीचा साबण पिवळा का राहत नाही

पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा थेंब सांडतो, आपण घाईने त्यावर साबण घासतो आणि पिवळा डाग बघता बघता लाल होतो. बहुतेक घरांनी हे पाहिलेलं असतं. कापड स्वच्छ पाण्यात खळबळलं की डाग पुन्हा पिवळा होतो आणि उन्हात वाळत घातलं की हळूहळू विरत जातो. हळदीला पिवळा रंग देणारं कुर्क्युमिन अल्कलीच्या, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थाच्या, संगतीत लाल होतं. शाळेच्या प्रयोगशाळेत हळदीचा कागद याचसाठी वापरतात. हळदीला चुन्याची किंवा टाकणखाराची जोड देऊन कुंकू करायची जुनी रीतही याच गुणावर उभी आहे.

घरी पहिल्यांदा साबण केला तेव्हा मी त्यात दोन चमचे हळद घातली. मिश्रणात पडताक्षणी तिचा रंग विटकरी झाला आणि मला मनापासून आनंद झाला. आईच्या धुण्याच्या दगडावर लहानपणी पाहिलेली गोष्टच माझ्या पातेल्यात घडत होती.

हळद तिथे जे सांगते ते नीट ऐकायला हवं. साबण म्हणजे तेल आणि तीव्र अल्कली यांच्यातल्या रासायनिक क्रियेचं फळ. वडी घट्ट करायची तर ही अल्कली म्हणजे कॉस्टिक सोडा, अर्थात सोडियम हायड्रॉक्साइड. वेष्टनावर कुणी कितीही ठळकपणे ‘केमिकल-फ्री’ लिहिलं, तरी अल्कलीशिवाय साबण होत नाही. घरी तयार सोप बेस वितळवून साच्यात ओततात, त्यातही ही क्रिया कारखान्यात आधीच उरकलेली असते. मुलांना सोबत घेऊन साबण करायचा असेल तर तोच मार्ग बरा.

तेलाचा रेणू ग्लिसरॉलच्या छोट्या खुंटीला अडकवलेल्या तीन लांब दोऱ्यांसारखा असतो. या दोऱ्या म्हणजे मेदाम्लं. कॉस्टिक सोडा त्या एकेक करून सोडवतो आणि प्रत्येकीच्या टोकाला सोडियम जोडला जातो. सोडियम लागलेली दोरी म्हणजे साबणाचा रेणू, आणि रिकामी झालेली खुंटी म्हणजे ग्लिसरीन. साबणाच्या रेणूचं सोडियमकडचं टोक पाण्यात रमतं, तर लांब शेपूट तेलकट मळात घुसतं. अशा असंख्य रेणूंनी वेढलेला मळाचा कण पाण्याबरोबर वाहून जातो. माणूस हजारो वर्षं साबण करत आला, पण तेलाच्या आत नेमकं काय असतं हे मिशेल यूजीन शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलगडलं. त्याचं हे संशोधन 1823 मध्ये ग्रंथरूपाने आलं. त्याला 102 वर्षांचं आयुष्य लाभलं.

या उलगड्यामुळे साबण अंदाजाचा विषय राहिला नाही, तो हिशेबाचा झाला. घरी करणाऱ्याने सगळ्यात जास्त जपायची गोष्ट म्हणजे हा हिशेब. प्रत्येक तेलाला लागणाऱ्या सोड्याचं प्रमाण वेगळं असतं. एक ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण 0.183 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, शेंगदाणा तेलाला 0.136 आणि एरंडेलाला 0.128. खोबरेलातली मेदाम्लं आखूड असतात, त्यामुळे तेवढ्याच वजनात त्यांची संख्या जास्त भरते आणि सोडाही जास्त लागतो.

समजा 300 ग्रॅम खोबरेल, 150 ग्रॅम शेंगदाणा तेल आणि 50 ग्रॅम एरंडेल घेतलं. तर सोडा लागेल 54.9 अधिक 20.4 अधिक 6.4, म्हणजे 81.7 ग्रॅम. पण एवढा पूर्ण घालायचा नाही. 5 टक्के कमी करून 77.6 ग्रॅम घ्यायचा. त्यामुळे थोडं तेल बदलल्याशिवाय शिल्लक राहतं, त्वचेला साबण सौम्य लागतो आणि मोजण्यात बारीकशी चूक झालीच तरी वडीत मोकळा सोडा उरत नाही. या शिलकीला साबण करणारे ‘सुपरफॅट’ म्हणतात. ‘एक वाटी तेल, पाव वाटी सोडा’ अशी कृती दिसली तर ती कितीही प्रेमाने सांगितलेली असो, वापरू नका. वाटीने वजन कळत नाही. तेल बदललं तर आकडेमोड नव्याने करावी लागते. नुसत्या खोबरेलाचा साबण भरपूर फेसाळतो, कारण त्यात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं. पण तोच गुण त्वचेतलं तेलही खरवडून काढतो, म्हणून तिथे शिलकीचं प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत ठेवतात.

वर सांगितलेल्या मापाला साधारण 165 ग्रॅम पाणी पुरतं. सोडा नेहमी पाण्यात थोडाथोडा सोडायचा. उलट करून सोड्यावर पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर येऊ शकतं. सोडा विरघळताना एवढी उष्णता निघते की भांडं हाताला सोसत नाही. चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि उघडी खिडकी हवीच. भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमला सोडा खातो आणि त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन बाहेर पडतो. तुंबलेल्या मोरीसाठी मिळणाऱ्या काही पावडरींत ॲल्युमिनियमचे कण मिसळलेले असतात, म्हणून त्या साबणाला चालत नाहीत. अंगावर थेंब उडाला तर व्हिनेगर किंवा लिंबू शोधत बसू नका, नळाखाली पंधरा-वीस मिनिटं धुवत राहा. डोळ्यात गेला तर तसंच धुऊन थेट डॉक्टरांकडे जा.

मग सोड्याचं पाणी आणि तेलांचं मिश्रण दोन्ही कोमट झाली की एकत्र करून घुसळायची. पातळ कढीसारखं मिश्रण आधी बासुंदीसारखं आणि पुढे श्रीखंडाकडे झुकत जातं. रवीची रेघ पृष्ठभागावर क्षणभर टिकली की साच्यात ओतायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वड्या पाडता येतात, पण वापरायला चार ते सहा आठवडे थांबायचं. सोडा तेलाशी एक-दोन दिवसांतच जवळजवळ पूर्ण जुळलेला असतो, पुढचा काळ पाणी उडून वडी टणक आणि सौम्य व्हायचा. कारखान्यात बहुधा मिठाच्या पाण्याने ग्लिसरीन वेगळं काढून दुसरीकडे विकतात. घरच्या वडीत ते सगळं आतच राहतं, आणि घरच्या साबणाचं खरं वैभव मला तेच वाटतं.

साबणात घातलेल्या लिंबाचं काय होतं, हेही पाहू. सायट्रिक आम्ल सोड्याशी जुळून त्याचं सोडियम सायट्रेट होतं. दहा ग्रॅम सायट्रिक आम्ल जवळपास सव्वासहा ग्रॅम सोडा खातं, म्हणून ते हिशेबात धरलं नाही तर वडी तेलकट राहते. ‘लिंबाच्या आंबटपणाने त्वचा उजळते’ म्हणून साबणात लिंबू पिळणाऱ्यांचा आंबटपणा साच्यात पडण्याआधीच संपलेला असतो. थेट चेहऱ्यावर लिंबू चोळणं तर त्याहून वाईट. त्यातली काही द्रव्यं उन्हाच्या संगतीने त्वचा भाजतात आणि काळे डाग मागे सोडतात.

चांगल्या साबणाचाही सामू (pH), म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, 9 ते 10 असतो. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, साधारण 5 सामूचा. त्यामुळे साबणाने धुतल्यावर काही काळ त्वचा ताणल्यासारखी वाटते. बहुतेकांची त्वचा आपली आपण सावरते, पण इसब असलेल्यांनी, तान्ह्या बाळांच्या आईवडिलांनी ‘घरचा आहे, नैसर्गिक आहे’ एवढ्यावर विसंबू नये. बोअरवेलच्या पाण्याची गोष्ट वेगळी. पाठ्यपुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात, फार सुंदर शब्द आहे. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून अविद्राव्य साका तयार करतात. बादलीच्या कडेला बसणारा चिकट पांढुरका थर तो हाच.

रिठ्याला मात्र हे पाणी फारसं अडवत नाही. त्यातली सॅपोनिन्स हे झाडाने स्वतः बनवलेले फेसाळ रेणू, एका टोकाला साखर आणि दुसऱ्या टोकाला तेलप्रेमी सांगाडा. पैठणी रिठ्याच्या पाण्यात धुतात, कारण रेशीम हे प्रथिन आहे आणि अल्कली ते दुबळं करते. सोडा न लावता धुवायचंच असेल तर आपल्याकडे ही सोय पिढ्यान्‌पिढ्या आहे. डोळ्यांना मात्र रिठा जबर झोंबतो.

घरगुती क्रीम आणि कोरफडीच्या गराबद्दल मला काळजी वाटते ती वेगळ्या कारणाने. साबणात जंतू सहसा वाढत नाहीत. पण पाणी आणि तेल एकत्र असलेलं, टिकवणारं द्रव्य (प्रिझर्व्हेटिव्ह) न घातलेलं क्रीम म्हणजे जंतूंसाठी वाढून ठेवलेलं ताट. वास यायच्या आधीच ते बिघडलेलं असू शकतं. पाणी अजिबात नसलेलं नुसतं खोबरेल बरेच महिने टिकतं. कोरफडीचा गर त्या दिवसापुरताच काढावा, आणि पान कापल्यावर झिरपणारा पिवळा चीक निथळू द्यावा, तो कातडीला खाज आणतो.

उटण्याचं शहाणपण इथे दिसतं. डाळीचं पीठ, चंदन, नागरमोथा, कचोरा, वाळा, हळद, सगळं कोरडं, म्हणून डबा महिनोन्‌महिने चांगला राहतो. कालवायचं तेव्हाच, एका न्हाणीपुरतं. पीठ अंगावरचं तेल टिपून घेतं आणि अल्कलीचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे हळद पिवळीच राहते. नरक चतुर्दशीच्या पहाटे उटणं लावून झाल्यावर त्याच हातावर साबण फिरवून बघा. मनगटाच्या घड्यांत राहून गेलेली हळद क्षणभर कुंकवासारखी लाल दिसेल.