रिमफायर टार्गेट पिस्तूल

.२२ लाँग रायफल या काडतुसावर चालणारे, नेमबाजीच्या खेळासाठीच घडवलेले पिस्तूल. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. पेट घेणारा मसाला त्या कडेच्या पोकळीत असतो आणि पिन कडेवर आपटली की बार उडतो. १८८७ पासून वापरात असलेले हे काडतूस धक्का अगदी कमी देते आणि स्वस्त पडते, म्हणूनच रोजचा भरपूर सराव परवडतो.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २५ मीटर प्रकारात पिस्तुलाचे वजन १,४०० ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, ट्रिगर किमान १,००० ग्रॅमचा (म्हणजे तो ओढायला निदान एवढा जोर लागेल असा) लागतो, नळी १५३ मिमीपर्यंत आणि पिस्तूल ३००×१५०×५० मिमीच्या पेटीत मावणारे असावे लागते. महिलांच्या स्पर्धेत ६० गोळ्या असतात. पहिल्या ३० सावकाश आणि उरलेल्या ३० जलद. जलद टप्प्यात लक्ष्य ३ सेकंदच समोर राहते आणि प्रत्येक वेळी हात खालून वर आणावा लागतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले ते याच प्रकारात. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये पाच लक्ष्यांवर ८, ६ आणि शेवटी ४ सेकंदांत पाच गोळ्या झाडायच्या असतात. लंडन ऑलिंपिकमध्ये (२०१२) विजय कुमारने त्यात रौप्य मिळवले.

मापे इतकी बांधलेली असल्याने पिस्तुलांची तुलना करताना नळीच्या अचूकतेपेक्षा वजन कुठे बसते हे पाहावे. इटलीचे पार्डिनी एसपी, जर्मनीचे वॉल्थर जीएसपी (१९६८) आणि त्यानंतरचे एसएसपी यांत मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, ट्रिगरच्या पुढे असते. त्यामुळे नळी हाताच्या रेषेजवळ येते, तोंड कमी उसळते आणि साइट, म्हणजे नेम धरण्याची खूण, लवकर जागेवर परतते. अमेरिकेच्या रुगर मार्क मालिकेत किंवा स्मिथ अँड वेसन मॉडेल ४१ मध्ये मॅगझिन मुठीत असते. मात्र एवढ्यावरून त्यांना कमी लेखू नये. स्विस हॅमर्ली २०८ ची रचनाही तशीच होती, तरी ते दीर्घकाळ अव्वल मानले गेले. रुगर नवशिक्याला सोयीचे, कारण त्याचे सुटे भाग मुबलक मिळतात. शिवाय २०१६ च्या मार्क ४ मध्ये पिस्तूल उघडणे एका बटणावर आले, जे आधीच्या आवृत्त्यांत खरोखर कटकटीचे होते.

सुधारणेची सुरुवात मुठीपासून व्हावी. अक्रोडाची, हाताच्या मापाची मूठ घ्यावी. जिथे टोचते तिथे कानस लावावी, जिथे पोकळी राहते तिथे लाकडाची पुट्टी भरावी. हात दरवेळी त्याच जागी बसला नाही, तर महागडी नळी काहीही करू शकत नाही. मूठ मनगटाला आधार देणारी मात्र नसावी. ते नियमबाह्य आहे. त्यानंतर ट्रिगर. तपासणीत ट्रिगरने १ किलोचे वजन उचलून दाखवावे लागते, म्हणून अनुभवी नेमबाज तो नेमका १,००० वर न ठेवता थोडा जड ठेवतात. मागच्या साइटची खाच पुढच्या साइटच्या दोन्ही बाजूंना उजेडाची सारखी फट दिसेल एवढी रुंद हवी.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे काडतुसाचा लॉट, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेला साठा. कंपनी तीच, पिस्तूल तेच, तरी लॉट बदलला की छिद्रांचा पुंजका फाकतो. म्हणून पिस्तूल शिकंजात पकडून वेगवेगळे लॉट तपासतात आणि जुळलेला लॉट शक्य तितका एकदमच विकत घेतात.